इतिहासाचे व्हिडिओ बघून शिकतोय, पण खरं कुठलं हे ठरवायचं कसं?

धायरीकर:

नमस्कार मंडळी. हिंजवडीला कंपनीच्या बसने जातो, दिवसाचा मोठा तुकडा बसमध्येच जातो, त्या वेळात आता इतिहासाचे व्हिडिओ बघायची सवय लागलीये. शाळेत इतिहास म्हणजे सनावळ्या आणि कारणे द्या, त्यामुळे तेव्हा गोडी अशी लागलीच नाही, पण हे व्हिडिओ बघताना खरंच गुंगून जातो. पानिपत, पालखेड, दुसरं महायुद्ध, रोमन लोक, समोर येईल ते. मुलगी नववीत आहे, तिलाही नाद लागलाय आणि मला त्याचा आनंदच आहे.

अडचण अशी झाली की परवा ती दोन व्हिडिओ घेऊन आली, दोन्ही सिंहगडावरचे. आमच्या गच्चीतून सिंहगड दिसतो त्यामुळे तो आमच्या घरचाच विषय. एकात सांगितलंय की तानाजी मालुसरे यशवंती घोरपडीला दोर बांधून कडा चढले आणि ते पडले म्हणून महाराजांनी कोंढाण्याचं नाव सिंहगड ठेवलं. दुसऱ्यातला माणूस म्हणतो हे सगळं थोतांड आहे, आपल्याला पिढ्यानपिढ्या फसवलं, खरा इतिहास दाबून ठेवला वगैरे, आणि आवाज असा चढवून बोलतो की ऐकणाऱ्याला ते पटायलाच लागतं. दोघांनाही लाखांत व्ह्यूज आहेत, आणि पुरावा म्हणून दोघांनीही काही दाखवलेलं नाही. मुलगी म्हणाली, बाबा परीक्षेत काय लिहायचं ते मला माहितीये, खरं काय झालं ते सांगा.

तर प्रश्न असा की माझ्यासारख्या माणसाने, ज्याला मोडी येत नाही, फारसी येत नाही, जाडजूड ग्रंथ वाचायला सलग वेळ मिळत नाही, त्याने एखादा व्हिडिओ भरवशाचा आहे की नाही हे कशावरून ठरवायचं? चॅनेलची यादी दिलीत तरी चालेल पण पद्धत सांगितलीत तर जास्त बरं, कारण यादीतला माणूससुद्धा एखाद्या व्हिडिओत चुकू शकतो. आणि एक विनंती, जातीवरून भांडणं सुरू करू नका प्लीज, त्या व्हिडिओंच्या खाली दुसरं काही चालतच नाही.

मोडीची_गोडी:

दादा, प्रश्न फार चांगला आहे आणि तुमच्या मुलीचं विशेष कौतुक. मी सदाशिव पेठेत भारत इतिहास संशोधक मंडळात मोडी शिकले, नोकरी अगदी वेगळी आहे पण जुने कागद वाचायचं वेड तिथून लागलं ते लागलंच.

मी कुठलाही व्हिडिओ बघताना आधी एक गोष्ट बघते. हे सांगणाऱ्याला कुठून कळलं, आणि ज्याने ते पहिल्यांदा लिहून ठेवलं तो त्या घटनेपासून किती लांब होता. लांब म्हणजे वर्षांनीही आणि जागेनेही. हे व्हिडिओत कुठेच सांगितलेलं नसेल, ना बोलण्यात ना खाली डिस्क्रिप्शनमध्ये, तर मी तो गोष्ट म्हणून बघते, गोष्ट म्हणून आवडतोही, पण त्यातलं काही दुसऱ्याला इतिहास म्हणून सांगत नाही.

आता तुमचा सिंहगडच घेऊ. लढाई झाली ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्री. कृष्णाजी अनंत सभासद हा महाराजांच्या दरबारातला माणूस, त्याने राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून जिंजीला बखर लिहिली, म्हणजे मधे साधारण पाव शतक गेलं होतं पण लिहिणारा त्या काळात वावरलेला होता. त्यात काय आहे बघा. तानाजींनी दोन चांगले मर्दाने मावळे निवडून कड्यावर चढवले, ते वानरासारखे चपळाईने चढले, वरून माळ म्हणजे दोराची शिडी लावली, मग बाकीचे मिळून तीनशे माणूस वर गेलं. तानाजी आणि मुघलांचा किल्लेदार उदेभान समोरासमोर लढून दोघेही पडले, मग तानाजींच्या भावाने, सूर्याजीने लोक सावरले आणि गड घेतला. गडावरच्या पागेचे गवती खण होते त्यांना आग लावली, तो उजेड महाराजांनी राजगडावरून पाहिला. आणि तानाजी पडल्याचं कळल्यावर एक गड घेतला पण एक गड गेला, अशा अर्थाचं महाराजांचं बोलणंही त्यात आहे. घोरपड मात्र नाही. घोरपड येते तुळशीदास शाहिराच्या पोवाड्यात, आणि पोवाड्याचं काम ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा आणायचं, ते तो चोख करतो.

राहिला नावाचा मुद्दा. १६७० च्या आधीच्या पत्रांमध्ये सिंहगड हे नाव आलेलं आहे, त्यामुळे तानाजी पडले म्हणून नाव बदललं हे काही टिकत नाही. म्हणजे पहिला व्हिडिओ नावाच्या बाबतीत चुकला आणि घोरपडीच्या बाबतीत पोवाड्यालाच इतिहास समजला. पण दुसरा त्याहून जास्त चुकलाय असं माझं मत आहे, कारण कडा चढणं, तानाजींचं पडणं, गड जिंकणं याला आधार असताना त्याने सगळंच थोतांड ठरवलं. एक धागा सुटा निघाला म्हणून सगळा शेला फाडून टाकायचा नसतो. मुलीला एवढं सांगा, ती बरोब्बर समजेल.

बखर म्हटली की सगळ्या बखरी सारख्या, असंही व्हिडिओवाले बिनधास्त करतात. मल्हार रामराव चिटणीसाची बखर १८१० च्या सुमाराची, म्हणजे महाराजांना जाऊन सव्वाशे वर्षं उलटून गेली होती. सभासद आणि चिटणीस एकाच वजनाने कसे धरायचे? व्हिडिओत नुसतं 'बखरीत म्हटलंय' आलं की मी लगेच थांबवून बघते, कुठल्या बखरीत, नाव सांगितलंय का.

आणि समकालीन कागद म्हणजे आपोआप खरा असंही नाही हं. इंग्रज वखारवाले बाजारात कानावर आलेलं पत्रात लिहून पाठवायचे. १६८० मध्ये महाराज गेल्याची बातमी आली तेव्हा त्यांनी लिहिलंय की हे वारल्याच्या बातम्या आजवर इतक्यांदा आल्यात की काहींना ते अमरच वाटायला लागलेत. बघा म्हणजे, समकालीन पत्रांमधून खोट्या बातम्या किती फिरल्या असतील. तसंच मुघलांच्या बाजूचे साकी मुस्तैद खान, खाफी खान, भीमसेन सक्सेना हे सगळे आपापल्या जागी बसून लिहितात. चांगला व्हिडिओ तोच जो दोन बाजूंचे कागद शेजारी ठेवतो आणि जिथे जुळत नाहीत तिथे 'जुळत नाही' असं तोंडाने म्हणतो.

बावधन_४११:

विकिपीडिया बघायचा सरळ. खाली सगळे संदर्भ असतात. एवढं काय त्यात.

मोडीची_गोडी:

संदर्भांसाठी नक्की बघा, पण संदर्भावर क्लिक करून पुढे जा हो. कितीदा तो संदर्भ एखाद्या बातमीचा निघतो आणि बातमीत 'असे म्हटले जाते' एवढंच असतं. मराठी विश्वकोशही ऑनलाइन आहे, त्यातल्या नोंदी लिहिणाऱ्याच्या नावानिशी आहेत, मला सुरुवातीला तो जास्त उपयोगी पडला.

टाइमलाइनवाला:

मी व्हिडिओ एडिटिंग करतो, फ्रीलान्स, कर्वेनगरला बसून, आणि इतिहासवाल्या चॅनेलांचं काम बऱ्यापैकी केलंय, नावं घेत नाही. आतून कसं चालतं ते सांगतो म्हणजे बघताना कळेल.

आठवड्याला व्हिडिओ टाकायचाच असतो, नाहीतर यूट्यूब पुढे ढकलत नाही. मग स्क्रिप्ट लिहिणारा पोरगा काय करतो, त्याच विषयावरचे चाललेले चारपाच व्हिडिओ बघतो आणि त्यांचं मिळून एक लिहितो. त्याला पैसे शब्दांवर मिळतात, मंडळात जाऊन कागद बघायचे नाही मिळत. त्यामुळे 'पाच चॅनेल हेच सांगतात' याला काही अर्थ नाही, पाचही जण सहाव्याचं बघून बोलत असतात आणि सहाव्याने कुठून आणलं ते कोणालाच विचारावंसं वाटत नाही. मी एकदा विचारलं होतं की हा आकडा कुठून आलाय, तर उत्तर आलं की भाई सगळीकडे हाच आहे.

आकड्यांवरून आठवलं. थोरल्या बाजीरावांबद्दल ४१ लढाया आणि एकही हार नाही हे तुम्ही शंभर ठिकाणी ऐकलं असेल. पण त्या ४१ ची यादी, कुठली लढाई, कुठल्या साली, समोर कोण, अशी लावून दाखवणारा व्हिडिओ माझ्या हाताखालून एकही गेलेला नाही. याउलट माँटगोमेरी या इंग्रज सेनापतीने पालखेडच्या मोहिमेचं कौतुक केलंय हे जे सांगतात ते खरं आहे, त्याने युद्धांच्या इतिहासावर पुस्तक लिहिलंय त्यात १७२८ च्या त्या मोहिमेबद्दल लिहिलंय आणि ते कोणीही उघडून बघू शकतो. दोन्ही गोष्टी व्हिडिओत एकाच दमात येतात, ऐकायला सारख्याच भारी वाटतात, पण एक तपासता येते आणि दुसरी नुसती सांगितली जाते. बाजीराव मोठे होते यात मला तिळमात्र शंका नाही, निजामाला पालखेडला ज्या पद्धतीने कोंडीत धरलं ते नकाशावर बघितलं तरी थक्क व्हायला होतं, मग त्यांना यादी नसलेल्या आकड्याची गरजच काय.

चित्रांकडे लक्ष द्या. हल्ली एआयने चित्रं बनवतात, पगड्या चुकीच्या, तलवारी भलत्याच, पाठीमागे दिल्लीसारखे घुमट आणि खाली नाव रायगड. कुठे सांगितलेलंच नसतं की हे काल्पनिक आहे. पेशवाईतल्या माणसाचा 'खरा फोटो' असं थंबनेल दिसलं तर पुढे बघूच नका, फोटोग्राफी जगात आली १८३९ ला आणि पेशवाई बुडाली १८१८ ला. चित्राची गडबड जुनीच आहे म्हणा. महाराजांचं चित्र म्हणून आपल्याकडे कित्येक वर्षं कुणा इब्राहिम खानाचं चित्र चाललं होतं, वा. सी. बेंद्रे यांनी १९३३ मध्ये खरं समकालीन चित्र पुढे आणलं तेव्हा ते थांबलं. एका माणसाने शोधून काढलं म्हणून थांबलं हे लक्षात घ्या.

आणि धायरीकर तुम्ही महायुद्धाचे बघता म्हणून सांगतो, काळंपांढरं हलणारं फुटेज दिसलं म्हणजे अस्सल असं धरू नका. १९१६ च्या सोमच्या लढाईवर तेव्हाच माहितीपट काढला होता, त्यातला सैनिक खंदकातून वर चढतात आणि एकदोघे तिथेच कोसळतात तो शॉट जवळजवळ प्रत्येक पहिल्या महायुद्धाच्या व्हिडिओत असतो, तो आघाडीच्या मागे मुद्दाम घडवून घेतलेला आहे. लंडनचं इम्पीरियल वॉर म्युझियम ही फिल्म सांभाळतं, त्यांचं स्वतःचं यूट्यूब चॅनेलही आहे. अशा संग्रहालयांचे व्हिडिओ थोडे संथ असतात पण वस्तू त्यांच्याकडेच असते, त्यामुळे बोलताना ते सांभाळून बोलतात.

धायरीकर:

ताई आणि टाइमलाइनवाले, मनापासून आभार. तुमचं सिंहगडाचं मुलीला वाचून दाखवलं, तिने लगेच विचारलं की सभासद कुठे मिळेल वाचायला.

अजून एक विचारतो. तारखांचा घोळ. एका व्हिडिओत शिवजयंती १९ फेब्रुवारी १६३०, दुसऱ्यात १ मार्च १६३०, आणि माझे वडील म्हणतात त्यांच्या लहानपणी १६२७ शिकवायचे. सुरतेचंही एकात १६६४ आणि एका इंग्रजी पुस्तकाच्या पानाचा फोटो दाखवला त्यात १६६३. यातलं कोण खोटं बोलतंय?

तिथीमिती:

या यादीत खोटं कोणीच बोलत नाहीये. हा माझा आवडता विषय आहे त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

१६२७ आधी घेऊ. ती तारीख उत्तरकालीन बखरींवरून आलेली होती. मग कारीच्या जेधे देशमुखांकडे एक शकावली, म्हणजे सालवार घटनांची नोंद मिळाली, ती लोकमान्य टिळकांनी १९१६ मध्ये प्रसिद्ध केली, तीत शके १५५१ फाल्गुन वद्य तृतीया अशी जन्मतिथी आहे. महाराजांच्या हयातीत परमानंदाने शिवभारत हे संस्कृत काव्य लिहिलं त्यातही हीच तिथी आहे, आणि राजस्थानात सापडलेल्या कुंडलीशीही ती जुळते. तीन वेगवेगळ्या ठिकाणचे कागद, एकमेकांचं बघून लिहिलेले नाहीत, आणि तरी जुळतात. वर टाइमलाइनवाल्यांनी पाच चॅनेलांचं सांगितलं ना, त्याच्या हे बरोबर उलट आहे. तरी लोकांच्या अंगवळणी पडायला किती वेळ गेला बघा, राज्य सरकारने १९ फेब्रुवारी अधिकृत धरली ती २००१ मध्ये. तुमचे वडील शिकले ते तेव्हाच्या पुस्तकातलं होतं, त्यांना कोणी फसवलं नव्हतं.

आता १९ फेब्रुवारी की १ मार्च. दोन्ही एकच दिवस आहे. जुनं ज्युलियन कॅलेंडर आणि आत्ताचं ग्रेगोरियन यांच्यात सतराव्या शतकात १० दिवसांचा फरक होता. आपले बहुतेक इतिहासकार त्या काळासाठी ज्युलियन तारीख देतात, ती १९ फेब्रुवारी. ग्रेगोरियन केली की १ मार्च होते. राज्याभिषेकाची ६ जून १६७४ हीसुद्धा ज्युलियनच आहे. पोर्तुगीज १५८२ पासूनच ग्रेगोरियन वापरत होते आणि इंग्रज थेट १७५२ पर्यंत ज्युलियनला धरून होते, त्यामुळे गोव्याचं पत्र आणि मुंबईच्या वखारीचं पत्र एकाच घटनेबद्दल असलं तरी तारखांत दहा दिवसांची तफावत दिसते. हे ज्याला माहीत नाही तो 'कागदपत्रांत विरोधाभास' म्हणून सनसनाटी व्हिडिओ काढतो.

सुरतेचं याहून सोपं. इंग्रजांचं नवीन वर्ष तेव्हा २५ मार्चला सुरू व्हायचं. सुरतेवरची स्वारी जानेवारीत झाली, म्हणून त्यांच्या पत्रांवर वर्ष १६६३ पडलंय, आपल्या आजच्या हिशोबाने ते १६६४.

मराठी कागदात तर शालिवाहन शक, शुहूर सन, फसली, १६७४ नंतर राज्याभिषेक शक, असं बरंच काही येतं. व्हिडिओवाल्याने मूळ तिथी सांगून मग इंग्रजी तारीख दिली तर समजायचं की त्याने निदान कोणीतरी काळजीने केलेलं रूपांतर वाचलंय.

दुर्गवेडा_भोर:

सगळ्यांचं वाचलं, पटलं पण, तरी एक बोलल्याशिवाय राहवत नाही. तुम्ही पुण्यातली मंडळी, मंडळ जवळ, पेशवे दप्तर जवळ, भांडारकर जवळ. आमच्याकडे गावात वाचनालयात इतिहासाचं एक फाटकं पुस्तक असायचं. मला रोहिडा आमच्या इथला असून त्याचा इतिहास पहिल्यांदा कळला तो व्हिडिओतूनच, मग गड चढायला लागलो, मग गडावरची टाकी साफ करायला लागलो, आता गावातली पोरं येतात बरोबर. माझ्या आईला वाचता येत नाही, ती रात्री भाकऱ्या झाल्या की माझ्या मोबाइलवर ताराराणींचा व्हिडिओ लावायला सांगते, आणि ऐकताना तिचे डोळे असे भरून येतात की काय सांगू. तिला तळटीपा देऊन काय करू?

इतिहासकारांनी सोपं लिहिलं असतं, बोलले असते लोकांशी, तर ही मोकळी जागा भरायला कोणी दुसरा आला नसता. थोर माणसं आयुष्य घालवतात कागदांत पण त्यांचं पुस्तक उघडलं की पहिल्या पानापासून धाप लागते. व्हिडिओवाल्याला नुसतं झोडपू नका, त्याने दार तरी उघडलंय.

मोडीची_गोडी:

भाऊ, तुमचं म्हणणं शंभर टक्के मान्य, आणि टाक्यांच्या कामाबद्दल नमस्कार. आईंसारख्या माणसासाठी तर आवाजातला इतिहास हाच खरा इतिहास आहे, पूर्वी कीर्तनात-पोवाड्यात होता तसा. म्हणूनच मला वाटतं की सांगणाऱ्यावर जबाबदारी जास्त येते, कारण आईंना ते तपासता येणार नाही, त्या पूर्ण विश्वासाने ऐकतायत. ताराराणींनी औरंगजेबाच्या शेवटच्या वर्षांत राज्य कसं टिकवलं हे मूळ कागदांतूनच एवढं जबरदस्त आहे की त्याला वरून मसाला लागतच नाही.

तळटीप तोंडाने सांगता येते हो. 'सभासद असं सांगतो', 'पोवाड्यात असं आहे पण जुन्या कागदात मिळत नाही', एवढं एक वाक्य. व्हिडिओ त्याने लांबत नाही आणि आईंनाही ते समजतं.

अजून एक माझी स्वतःची सवय. जो व्हिडिओ ऐकून छाती फुगते तो मी दुप्पट तपासते. न आवडणारं आपण तपासतोच, लगेच कमेंटमध्ये पुरावा मागतो, पण आवडणारं तसंच पुढे पाठवतो. ती व्हिएतनामची गोष्ट आठवतेय ना, तिथल्या लोकांनी महाराजांपासून प्रेरणा घेऊन अमेरिकेला हरवलं म्हणून? फॉरवर्ड होत होत तिचे व्हिडिओ झाले, पण कुठल्या व्हिएतनामी नेत्याचं, कुठल्या तारखेचं, कुठल्या वर्तमानपत्रातलं वक्तव्य हे त्यातल्या एकातही दिलेलं मी बघितलेलं नाही. महाराजांची थोरवी सांगायला डच, पोर्तुगीज, इंग्रज, फारसी असे शत्रूंच्याच हातचे ढीगभर कागद असताना हे असलं आपण का चालवून घ्यायचं, याचा मला मनापासून त्रास होतो.

नववीच्या_बाई:

मी शिक्षिका आहे, दक्षिण पुण्यातल्या शाळेत. मुलं आता वर्गात व्हिडिओ घेऊनच येतात. गेल्या वर्षी सगळ्यांचा लाडका व्हिडिओ होता 'शनिवारवाडा ते कात्रज गुप्त भुयार', त्यात पेशवे संकटात घोड्यावरून पळून जायचे म्हणे, मशाली, घोड्यांच्या टापांचा आवाज, सगळं होतं.

मी खोटं आहे म्हणाले नाही. म्हटलं ठीक आहे, भुयार आहे असं धरू, मग ते आत ओलं का, मधे मधे वर उघडणाऱ्या विहिरीसारख्या बांधकामांचं काय काम, आणि त्याचा उतार कात्रजकडून शहराकडे का? मुलांनी घरी विचारलं, कुणाच्या आजोबांनी उच्छ्वास दाखवले, कुणी हौद शोधले, आणि आठवड्याच्या शेवटी त्यांचं त्यांनाच सापडलं की ही नानासाहेब पेशव्यांच्या काळात, अठराव्या शतकाच्या मध्याला बांधलेली पाण्याची योजना आहे. कात्रजच्या तलावाचं पाणी नुसत्या उताराने शनिवारवाड्यापर्यंत आणि पेठांमधल्या हौदांपर्यंत आणायचं, हवा खेळती राहावी आणि सफाई करता यावी म्हणून ते उच्छ्वास. नळ आत माणूस शिरेल एवढा आहे म्हणून भुयार वाटतं. मुलं ते समजल्यावर जी खूश झाली, ती पळून जाणाऱ्या घोड्यांवर झाली नव्हती. अडीचशेहून जास्त वर्षांपूर्वी पंप नसताना एवढं पाणी आणलं याचं त्यांना खरं अप्रूप वाटलं.

तेव्हापासून माझा वर्गात एकच नियम आहे, व्हिडिओ आणायचा असेल तर त्यातलं एक वाक्य निवडायचं आणि फक्त तेवढंच शोधायचं. सगळा व्हिडिओ तपासायला गेलं की मुलं कंटाळतात. एक वाक्य धरलं की ती अगदी गुप्तहेरासारखी मागे लागतात आणि त्या एका वाक्यावरून व्हिडिओ कसा आहे ते बहुतेक वेळा कळून जातं. धायरीकर, तुमच्या मुलीलाही हे करून बघायला सांगा.

नारायणपेठी_काकू:

मी फार टाइप करत नाही, नातवाने लावून दिलंय. पानशेतच्या पुराचे व्हिडिओ मला तो दाखवतो. १२ जुलै १९६१, पानशेत फुटलं आणि त्या लोंढ्याने खडकवासल्याचीही भिंत गेली, तेव्हा मी शाळकरी मुलगी होते, आमचा वाडा नदीजवळ. व्हिडिओत दुसऱ्याच कुठल्या पुराचे फोटो लावतात, रस्त्यावर आत्ताच्या गाड्या दिसतात मागे, मला बघवत नाही.

पण एक सांगते, एका चॅनेलवाल्या मुलांनी आमच्याकडे येऊन विचारलं, आजी धरण का फुटलं. मी म्हटलं बाळांनो मी आमची गल्ली पाहिली, पाणी कुठवर चढलं, आम्ही कुठे धावलो, लकडी पुलावरून पाणी गेलं ते, एवढं मी छातीवर हात ठेवून सांगेन. धरण का फुटलं ते मी पाहिलेलं नाही, त्यासाठी सरकारने चौकशी आयोग नेमले होते, तिथे इंजिनिअर लोकांच्या साक्षी झाल्या, ते वाचा. त्यांनी व्हिडिओत माझं गल्लीचं तेवढंच ठेवलं आणि धरणाचं आयोगाच्या हवाल्याने सांगितलं. तो व्हिडिओ मला आवडला. मुलं गुणी होती.

टाइमलाइनवाला:

काकू, हे वाचून फार बरं वाटलं. अशा मुलांचे व्हिडिओ चालत नाहीत ही आमच्या धंद्यातली खरी दुःखाची गोष्ट आहे. ज्यांना शक्य आहे त्यांनी असा व्हिडिओ सापडला की शेवटपर्यंत बघा, लाइक करा, कमेंट करा, कारण लोक किती वेळ थांबले ते बघूनच यूट्यूब पुढे दाखवतं. आणि चूक दिसली तर शिवी न देता पान नंबरासकट कमेंट टाका. जे चॅनेल ती कमेंट पिन करून दुरुस्ती लिहितं त्याला मी सबस्क्राइब करतो, जे डिलीट करतं त्याला सोडतो. माझ्या पाहण्यात याच्याइतकी चांगली चाचणी दुसरी नाही.

धायरीकर:

एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. काकू, तुमच्या पाया पडतो. बाई, एक वाक्याचा नियम आजपासून आमच्या घरात लागू. मुलीने वाक्यही निवडलंय, 'पानिपतात एक लाख मराठे कामी आले', आणि तिला शोधायचंय की हा लाख पहिल्यांदा कोणी मोजला. कुठून सुरुवात करायची? आणि सभासदाचं तेवढं कोणीतरी सांगा.

मोडीची_गोडी:

वा, अवघड वाक्य निवडलंय पोरीने! सुरुवातीला लाखात लढणारे किती आणि बरोबर गेलेले यात्रेकरू, बायकापोरं, बाजारबुणगे किती हे वेगळं करायला सांगा, बहुतेक व्हिडिओ तिथेच घसरतात. काशीराज पंडित अवधच्या नवाबाच्या, शुजाउद्दौल्याच्या पदरी होता, लढाईच्या वेळी समोरच्या छावणीत होता, त्याने नंतर फारसीत हकिगत लिहिली, तिचं भाषांतर मिळतं. आपल्या बाजूची पत्रं इतिहाससंशोधक वि. का. राजवाड्यांनी काढलेल्या 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'च्या पहिल्याच खंडात आहेत, १८९८ चा आहे तो, राजवाड्यांनी आपल्या कामाची सुरुवातच पानिपतच्या कागदांपासून केली. आर्काइव्ह डॉट ऑर्गवर स्कॅन फुकट मिळतात. भाषा जड जाईल, पण एकेक पत्र छोटं असतं, बसमध्ये वाचून होतं. पत्र कोणी, कुठून, कोणत्या तारखेला लिहिलं ते वहीत लिहीत जायचं.

सभासदासाठी र. वि. हेरवाडकरांनी संपादित केलेली प्रत घ्या, कठीण शब्दांचे अर्थ आणि टिपा आहेत. अप्पा बळवंत चौकात मिळाली नाही तर जुन्या पुस्तकवाल्यांकडे विचारा. छोटंसं पुस्तक आहे. सिंहगडाचं प्रकरण तिने मोठ्याने वाचावं, आणि अडलं तर फोटो काढून इथेच टाका, बघते मी.